क्रॅक सॉफ्टवेअर आणि आपली हलाल कमाई

लग्नपत्रिका असो, इज्तिमाचे पोस्टर असो की दुकानाची पाटी, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात मजकूर अनेकदा मराठी आणि उर्दू अशा दोन लिपींत लागतो. त्यामुळे डीटीपी आणि डिझाइनच्या कामात आपले तरुण मोठ्या उमेदीने उतरले आहेत. मात्र ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर वापरणे या धंद्यात इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही गैर वाटेनासे झाले आहे. ‘एवढ्या मोठ्या परदेशी कंपनीचे काय बिघडणार?’ हा त्यावरचा ठरलेला युक्तिवाद.

पण नुकसान फक्त परदेशी कंपनीचे होत नाही. उर्दूचे ‘इनपेज’ दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने १९९४ मध्ये आणले. मराठीची ‘श्रीलिपी’ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. इनपेजमधील नूरी नस्तालीकसाठी मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे वीस हजार अक्षरजोड स्वतःच्या हाताने लिहिले होते. उर्दू आणि मराठीचा अभिमान सांगायचा आणि या भाषांसाठी राबणाऱ्यांचा मोबदला बुडवायचा, हे जुळत नाही.

अशा चोरीला आळा घालण्यासाठी कंपन्यांनी ‘डोंगल’चे कुलूप लावले. त्याचीही तोड निघाली. कायदाही आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-बीनुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. शरीअतच्या दृष्टीनेही प्रश्न संदिग्ध नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात लेखन आणि संशोधनावरील हक्क शरीअतने संरक्षित मानले आणि त्यांवर अतिक्रमण नाजायज ठरवले.

महागड्या परवान्यांचे पैसे नवख्या तरुणाने कुठून आणायचे, हा प्रश्न मात्र खरा आहे. कंपन्यांनी विद्यार्थी आणि छोट्या दुकानदारांसाठी परवडणारे दर ठेवले पाहिजेत. तोवर चोरी हाच मार्ग उरतो, असे नाही. चित्रांसाठी गिम्प आणि इंकस्केप, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस, कार्यालयीन कामासाठी लिब्रे ऑफिस मोफत आहे. त्यांच्या प्रती वाटायलाही परवाना मुभा देतो. मराठीसाठी ‘मुक्त’, उर्दूसाठी ‘नोटो नस्तालीक’ हे फॉन्ट तसेच खुले आहेत. शिवाय क्रॅकसोबत येणारा व्हायरस गिऱ्हाइकाची कागदपत्रेही पळवू शकतो. ती आपल्याकडे अमानत असतात.

सुरुवात आपल्या संस्थांपासून व्हावी. शाळा, वाचनालये, मदरसे आणि संघटनांच्या कार्यालयांतील प्रत्येक संगणक तपासावा. जिथे परवाना नाही, तिथे तो विकत घ्यावा किंवा खुले सॉफ्टवेअर बसवावे. संगणक वर्ग चालवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून खुली साधने शिकवावीत. तरुणांनी गिऱ्हाइकाला दर सांगताना परवान्याचा खर्च त्यात धरावा आणि तो बिनदिक्कत सांगावा. आपल्या डिझाइनची चोरी झाली की आपण चिडतो. तोच न्याय दुसऱ्याच्या कष्टालाही लावू या.