अब्बांचा शाईचा पेन

फाउंटन पेन घेताना लोक सोन्याची निब शोधतात. रोज लिहिणाऱ्याला स्टीलची पुरते, माझ्या मते निबेची जाडी महत्त्वाची. जाड निबेने बारीक मराठी लिहिले की पोटफोड्या 'ष'चे पोट शाईने भरून जाते! म्हणून मी बारीक निब वापरायचो. अब्बांना उर्दू पत्रांसाठी मध्यम लागे.

त्यांच्यामागे त्यांचा पेन आम्ही आठवण म्हणून कपाटात ठेवला, तोही न धुता. चार वर्षांनी उघडला तर शाई आत सुकलेली. साध्या पाण्यात दोन दिवस भिजवला, तेव्हा कुठे उतरली. आता किराण्याची यादीसुद्धा त्यानेच लिहितो, अक्षर जरा मोठे काढून. अम्मी म्हणते, ‘हरवशील एक दिवस.’ हरवेलही. पण पुन्हा कपाटात ठेवणार नाही.