सात माणसं द्या, नाहीतर खुर्च्या विसरा

सर्व रहिवाशांस, म्हणजे घरमालकांना, भाडेकरूंना, दुकानदारांना, आणि दिवाळीत आठ दिवस येऊन 'इथे काहीच सुधारलं नाही' असं सांगून जाणाऱ्या परदेशस्थ चिरंजीवांनाही, हा जाहीर इशारा.

रविवार, 31 मे 2026 रोजी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत काम करायला तयार असलेल्या सात नव्या माणसांनी रजिस्टरात सही केली नाही, तर आपलं नागरिक मंडळ विसर्जित करण्याचा ठराव त्याच सभेत मांडला जाईल. ही धमकी समजू नये असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला लिहा? धमकीच आहे.

सातच का, तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था काढायला किमान सात जण लागतात. आपल्या कार्यकारिणीत कागदावर अकरा नावं आहेत. त्यांतले दोघे मुलांकडे कायमचे राहायला गेले, एकाला जिना चढवत नाही, दोघे फक्त पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी दिसतात. उरले सहा. या सहांचं सरासरी वय काढायला बसलो तेव्हा खजिनदार म्हणाले, 'राहू दे, नोटीस वाचून लोकांना वाईट वाटेल.'

वाईट वाटावं म्हणूनच तर लिहितोय.

गेल्या जुलैतली रात्र आठवा. मागच्या गल्लीतल्या तळमजल्यांत गटाराचं पाणी शिरलं होतं. मी आणि आमचे सहसचिव, दोघांची मिळून वयं एकशे बेचाळीस, गुडघाभर पाण्यात बांबू घेऊन उभे होतो. झाकण उघडं आहे की बंद, हे पायाने कळत नाही, बांबूनेच चाचपावं लागतं. 29 ऑगस्ट 2017 ला मुंबईत एक नामवंत डॉक्टर तुंबलेल्या रस्त्यावरच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, ते आम्ही विसरलेलो नाही. झाकण सापडलं, त्यावर लाल कापडाची काठी रोवली, एकाने फोन लावून तक्रार क्रमांक घेतला. आणि खिशातला मोबाइल थरथरला. ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरून निरोप होता : 'मंडळ झोपलंय का?' त्याखाली चौदा अंगठे.

चौदा अंगठे! त्यातला एक जण छत्री घेऊन खाली आला असता तर निदान बॅटरी धरायला माणूस झाला असता.

हे मनाला लागलं, कबूल आहे. पण इशारा त्यासाठी नाही. मंडळ नावाचं काहीतरी आपोआप चालतं आणि ते चालवणारी माणसं कुठूनतरी पगार घेतात, असा समज या वसाहतीत पक्का झालाय. एका नव्या रहिवासी बाईंनी मला सरळ विचारलं, 'काका, तुमची ड्यूटी किती ते किती असते?' त्यांचा दोष नाही. पंचवीस वर्षं इथे राहणाऱ्यांनाही मंडळाची वर्षाची वर्गणी 200 रुपये आहे हे ठाऊक नाही. ठाऊक असलेले सुट्टे नाहीत म्हणतात.

मंडळ नेमकं काय करतं, हे म्हणून एकदा जवळून बघा. आमच्या एक सदस्या निवृत्त शिक्षिका आहेत. रोज सकाळी चहा झाला की त्या वर्तमानपत्राचं बातम्यांचं पान बाजूला ठेवतात आणि 'जाहीर सूचना' असलेलं पान समोर घेतात. एका हातात भिंग, दुसऱ्यात लाल पेन्सिल. मुंगीएवढ्या अक्षरांत गट क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, आरक्षण बदल असं काय काय असतं. आपल्या भागातला क्रमांक दिसला की त्याभोवती लाल गोल, आणि कात्री. विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायचं असेल तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली सूचना निघते आणि लोकांना हरकत घ्यायला एक महिना मिळतो. महिना संपला की तुमचा राग, तुमचं प्रेम, तुमच्या मुलाचं क्रिकेट, कशालाच किंमत नाही. तुमचं मैदान आज मैदान आहे ते बाईंच्या त्या लाल गोलामुळे. हरकत एकोणतिसाव्या दिवशी गेली. सुनावणीला चला म्हणून घरोघर सांगितलं होतं. गेलो आम्ही तिघे. समोरचा पक्ष वकील घेऊन आला होता.

या बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. भिंग कोण घेणार, एवढंच सांगा.

अशा हरकतींनी काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी : मुंबईचा विकास आराखडा 2015 च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या आणि नागरिकांच्या गटांनी, वास्तुविशारदांनी, साध्या रहिवाशांनी हरकतींचा असा ढीग घातला की एप्रिलमध्ये तो आराखडा मागे घेऊन नव्याने करायचे आदेश सरकारला द्यावे लागले. नुसता मोर्चा पुरला नसता. नकाशा वाचणारी, चूक दाखवणारी आणि मुदतीत कागद देणारी माणसं लागली. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात आपल्याच गल्लीचा कचरा वेगळा करायला घेतला; महापालिकेने 1997 पासून त्याच धर्तीवर शहरभर स्थानिक गट उभे केले. जुहूच्या लोकांनी 2007 साली आपसांत ठरवून ॲडॉल्फ डिसोझा यांना उभं केलं आणि नगरसेवक म्हणून निवडून आणलं. ही सगळी उपनगरंच आहेत, आपल्यासारखीच लोकल पकडणारी. तिथल्या लोकांचा दिवसही चोवीस तासांचाच.

आता नगरसेवक आहेत की, त्यांना सांगा, असं काही जण म्हणतील. सांगतोच. पण मुंबईत 7 मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढची पावणेचार वर्षं 227 प्रभागांना एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक होते. राज्यातल्या इतर बहुतेक महापालिकांची तीच कथा. त्या काळात दिवा, पाणी, गटार यासाठी तुम्ही कोणाचं दार वाजवलंत? माझं. रात्री साडेअकरालाही वाजवलंत, आणि मी उघडलं.

नालेसफाईचं सांगतो, कारण सभेची तारीख मुद्दाम तीच धरली आहे. पावसाळ्यापूर्वीची सफाई 31 मेपर्यंत संपवायची असते. गाळ काढून काठावर ठेवला की पहिल्या सरीत तो जिथून आला तिथेच परत जातो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कंत्राटदाराला पैसे वजनावर मिळतात, म्हणून वजनकाट्याची पावती महत्त्वाची. तीन वर्षांपूर्वी आमचे दोन सदस्य पुलाच्या कठड्याशी डबा आणि वही घेऊन बसले आणि डंपरचे नंबर, वेळा लिहीत राहिले. नंतर माहिती अधिकारात पावत्या मागवल्या. वही आणि पावत्या जुळेनात. एकच डंपर इतक्या चपळाईने फेऱ्या मारत होता की त्याला रेल्वेत घ्यायला हवं. आम्ही कागद पुढे दिले, कंत्राटदाराला खुलासा मागितला गेला, आणि त्या वर्षी गाळ खरोखर उचलला गेला. त्यानंतरच्या दोन वर्षी वही घेऊन बसायला माणूस मिळाला नाही. गेल्या जुलैत पाणी का शिरलं, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. उत्तराची मुदत 30 दिवस, नाही मिळालं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. काम कठीण नाही, चिकाटीचं आहे. मात्र अर्ज संस्थेच्या शिक्क्यामागे लपून होत नाही, तो नागरिकाने आपल्या नावाने करायचा असतो. आपल्या वसाहतीचे गेल्या सात वर्षांतले सगळे अर्ज आम्हा तिघांच्या नावांवर आहेत. याचा अर्थ काय होतो ते स्पष्ट बोलतो. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींनी जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारात उघडे पाडले. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांचा खून झाला. आमची लढाई तेवढी मोठी नाही आणि आम्ही तेवढे शूरही नाही. पण गेल्या वर्षी मैदानाच्या प्रकरणात एक अनोळखी गृहस्थ घरी आले, चहा घेतला, नातवाच्या शाळेचं नाव विचारलं आणि गेले. बाकी काही बोलले नाहीत. अर्जावर तीन सह्या असतात तेव्हा असे पाहुणे येतात. त्याच कागदावर साठ सह्या असत्या तर कोणाकोणाकडे चहा प्यायला असता?

म्हणून सह्या मागतोय. हार-तुरे नकोत.

आता आमचं माप आमच्या पदरात. मंडळ म्हातारं झालं याला आम्हीही जबाबदार आहोत. चार वर्षांपूर्वी एका तरुण मुलीने सगळ्या तक्रारी संगणकावर एका तक्त्यात ठेवू या, कुठली किती दिवस पडून आहे ते लगेच दिसेल, असं सुचवलं. मी तिला म्हणालो, 'आमच्या खाकी फायलीत सगळं आहे.' ती पुन्हा आली नाही. फायलीत सगळं आहे हे खरं. पण कुठे आहे ते फक्त मला माहीत आहे, आणि मला अलीकडे चष्मा कुठे ठेवला तेही आठवत नाही. ती मुलगी हे वाचत असेल तर तिने यावं. फाइल मी तिच्यापुढे ठेवीन आणि तोंड बंद ठेवीन.

वेळ नाही, ही सबब या वेळी चालणार नाही. आठवड्याला दोन तास मागतोय. त्यात एकदा वॉर्ड ऑफिसला जाणं, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेणं, शिक्का उमटलाय ना, तारीख वाचता येते ना हे खिडकीपासून हलण्याआधी बघणं. पोच नसलेला अर्ज म्हणजे लिहिलाच नाही असा अर्ज. ग्रुपवर टाकलेला खड्ड्याचा फोटो तर त्याहून कमी. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमी झाल्यास 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायला सांगितलं. खड्डा महिनाभर आधी कळवला होता हे दाखवायची वेळ आली, तर शिक्का लागलेला कागदच बाहेर काढावा लागेल.

भाडेकरू आहोत, आम्हाला काय अधिकार, असं म्हणणाऱ्यांना एवढंच : गटाराचं पाणी करारनामा बघून आत शिरत नाही.

एक इशारा वेगळा, आणि तो ज्यांना आहे त्यांना बरोबर पोचेल. मंडळ मोडकळीला आलंय हे ऐकून दोन-तीन होतकरू नेत्यांचे निरोप आलेत की आमचे सात कार्यकर्ते घ्या, मंडळ आम्ही चालवतो. तुमच्या फ्लेक्सनी चौकातला दिव्याचा खांब झाकलाय, तो आधी उतरवा. आपल्या मंडळाच्या घटनेप्रमाणे कुठल्याही पक्षाचा पदाधिकारी कार्यकारिणीत बसू शकत नाही. ते कलम मी जाईपर्यंत राहील.

सात नावं आली नाहीत तर काय होईल, ते नीट वाचा. विसर्जनासाठी सदस्यांपैकी तीन पंचमांश मतं लागतात. ती गोळा करायला आम्ही दारोदार येऊ, आणि त्या वेळी तरी दार उघडा. मंडळाचं जे काही आहे ते सदस्यांना वाटून घेता येत नाही, कायद्याने ते दुसऱ्या संस्थेकडे जातं. जे काही आहे म्हणजे : बँकेतली थोडी ठेव, दोन लोखंडी कपाटं, एक शिडी, एक भोंगा आणि चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या. होय, त्याच खुर्च्या, ज्या तुमच्या मुलीच्या साखरपुड्याला आल्या आणि तुमच्या वडिलांच्या तेराव्यालाही. त्या शेजारच्या वसाहतीच्या मंडळाला मिळतील. तिथे तरुण माणसं आहेत. प्रलंबित अपिलं आम्ही तिघे आमच्या नावावर निस्तरू, नवं एकही करणार नाही. मैदानाच्या सुनावणीची पुढची तारीख लागली तर ती वसाहतीच्या फलकावर लावू. तिथे कोणी जायचं, ते फलकापुढे उभे राहून ठरवा.

आणि सात नावं आली, तर नव्या समितीचा बदल अर्ज 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे आम्ही स्वतः नेऊ, पहिलं वर्षभर प्रत्येक खेपेला सोबत येऊ, कुठल्या खिडकीवर कोण बसतं, जेवणाची सुट्टी खरी किती वाजता संपते, हे सगळं दाखवू.

रजिस्टर वाचनालयाच्या टेबलावर ठेवलं आहे, रोज संध्याकाळी पाच ते आठ. नाव, इमारत, फोन, आणि आठवड्यातले कुठले दोन तास देणार ते लिहायचं. 'शुभेच्छा' लिहू नये, त्यासाठी रकाना नाही. पेन घरून आणावं. टेबलाला बांधलेलं पेन परवा कोणीतरी दोऱ्यासकट नेलं.

सचिव
(31 मेपर्यंत)