मुठीत मावणारी अंतराळयाने

जपानमधल्या रेल्वे स्थानकांत, सुपरमार्केटच्या दाराशी, अगदी विमानतळांवरसुद्धा पारदर्शक पेट्यांच्या रांगाच्या रांगा दिसतात. खाचेत शंभर येनची तीन-चार नाणी सारायची आणि दांडा फिरवायचा. आतली चकती फिरते आणि प्लास्टिकची एक गोल कॅप्सूल घरंगळत खाली येते. ही यंत्रे १९६५ मध्ये अमेरिकेतून जपानमध्ये आली. १९७७ मध्ये बान्दाई कंपनी या धंद्यात उतरली, आणि २०२१ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात तिच्या समूहाने उघडलेल्या एकाच दुकानात ३,००० हून अधिक यंत्रे मांडली गेली. या कॅप्सूलमधून काय काय निघते याला सुमार नाही. मला बोलायचे आहे ते त्यातल्या एका छोट्या जातीबद्दल, जुन्या व्हिडिओ गेममधल्या अंतराळयानांबद्दल. ती जमवणारे बहुतेक जण प्रौढ आहेत आणि त्यांच्या नादाकडे पोरखेळ म्हणून पाहिले जाते. माझे म्हणणे असे की हा नाद एका तरुण कलेच्या इतिहासाची राखण करतो आहे. ज्या कंपन्यांनी ती राखण करायची, त्यांनी ती अर्धवटच केली, म्हणून या नादाला अधिक मोल आहे.

ही याने मुळात होती कशी, ते आधी पाहू. १९७८ मध्ये ताइतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला आणि पुढच्या दहाएक वर्षांत जपानी कंपन्यांनी अंतराळयुद्धाच्या खेळांचे एक अख्खे घराणे उभे केले. नामकोचे ‘गॅलेक्सियन’, ‘गॅलागा’ आणि ‘झेव्हियस’, कोनामीचा ‘ग्रेडियस’, आयरेमचा ‘आर-टाइप’ हे त्यातले ठळक. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त व्हिडिओ गेमच्या कॅसेटींतून यांतले काही खेळ महाराष्ट्रातल्या घरांतही पोचले होते, ते कोणी केले याचा पत्ता खेळणाऱ्यांना नसला तरी. या खेळांतले यान म्हणजे रंगीत ठिपक्यांची नक्षी. ‘ग्रेडियस’चा पडदा २५६ बाय २२४ ठिपक्यांचा, आणि त्यातले ‘व्हिक व्हायपर’ हे यान जेमतेम तीसेक ठिपके लांब. एवढ्याशा जागेत चित्रकाराने पुढचे दुभंगलेले टोक, वैमानिकाची काच आणि मागची ज्वाला बसवली, आणि तरीही ते यान एका नजरेत ओळखू येते. मात्र खेळणाऱ्याला ते कायम एकाच बाजूने दिसे. ‘झेव्हियस’मधले ‘सोल्व्हालू’ वरूनच दिसते, त्याचे पोट पडद्यावर कधी आलेच नाही. ‘आर-टाइप’मधले ‘आर-९’ कडेने दिसते, समोरून ते किती रुंद असेल हे पडद्यावरून कळायला मार्ग नाही. खेळण्याचा साचा घडवणाऱ्या मूर्तिकाराला मात्र हे प्रश्न टाळता येत नाहीत. जाहिरातीची पत्रके, खेळाच्या यंत्रावर रंगवलेली चित्रे, कंपनीकडे उरलेली रेखाटने असा मिळेल तो आधार घेऊन त्याला न दिसलेली बाजू ठरवावी लागते. म्हणून या खेळण्याला मी नक्कल म्हणायला तयार नाही. चित्रकाराने अर्धे सोडलेले काम इथे दुसऱ्या कारागिराच्या हातून पुरे होते.

कॅप्सूलमधल्या खेळण्यांना हा दर्जा पहिल्यापासून नव्हता. ऐंशीच्या दशकात ‘किन्निकुमान’ या कुस्तीच्या चित्रकथेतल्या एकरंगी रबरी बाहुल्यांनी शाळकरी पोरांना वेड लावले होते, पण त्यांत कारागिरीचा आग्रह फारसा नव्हता. मोठा बदल १९९९ मध्ये झाला. ओसाकाजवळच्या काइयोदो या कंपनीने फुरुता या मिठाईवाल्यांच्या ‘चोको एग’मध्ये जपानी प्राण्यांच्या प्रतिकृती घातल्या. शिनोबू मात्सुमुरा या मूर्तिकाराने घडवलेले ते प्राणी पाहून मोठ्या माणसांनी चॉकलेटची अंडी विकत घेतली, आणि चिमुकल्या वस्तूतही नेमकेपणा असावा अशी अपेक्षा रुजली. युजिन कंपनीची ‘शूटिंग गेम हिस्टोरिका’ ही यानांची मालिका त्याच वातावरणातली. असे एखादे यान तळहातावर घेऊन पाहावे. सुटे भाग जुळवून, पारदर्शक काडीच्या आधाराने ते हवेत तरंगते ठेवता येते. साच्याची शिवण पंखाच्या कडेला दडवलेली असते. कॅप्सूलमध्ये दाबून बसल्याने पंख किंवा तोफेची नळी वाकलेली निघते. मग ती गरम पाण्यात धरायची, सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात बुडवायची, हा उपाय संग्राहकांना पाठ असतो. वर्षे लोटली की मऊ प्लास्टिकमधला तेलकट अंश पृष्ठभागावर येतो आणि यान चिकट लागते. ते सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवावे लागते. वस्तू जतन करणे म्हणजे काय, याचे हे साधे पण खरे शिक्षण आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. खेळच उपलब्ध असताना त्यातल्या यानाची प्लास्टिकची प्रतिकृती जपण्यात कसला इतिहास? पण खेळ खरोखर उपलब्ध आहेत का? ‘ग्रेडियस’ १९८५ मध्ये पहिल्यांदा आला तो कोनामीच्या ‘बबल सिस्टिम’वर. त्यातली चुंबकीय स्मृती थंड असताना चालत नसे, म्हणून यंत्र सुरू केले की ती तापेपर्यंत थांबावे लागे, आणि तोवर ‘मॉर्निंग म्युझिक’ नावाची धून वाजे. ही स्मृती नाजूक होती, आणि चालू स्थितीतली अशी यंत्रे आज दुर्मीळ आहेत. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले की तिथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. टोकियोत २०११ पासून गेम प्रिझर्व्हेशन सोसायटी जुने जपानी खेळ वाचवण्यासाठी झटते आहे, पण मुळात असे काम स्वयंसेवी संस्थेवर पडावे हेच बोलके आहे. गाजलेले खेळ नव्या यंत्रांसाठी पुन्हा निघतात हे मान्य. ‘ग्रेडियस’ही २०२५ मध्ये पुन्हा निघाला. मात्र ते सहसा गाजलेल्यांच्याच वाट्याला येते, आणि डिजिटल दुकान बंद झाले की तिथून नवी खरेदीही थांबते. निन्टेन्डोने २०२३ च्या मार्चमध्ये आपल्या दोन जुन्या यंत्रांसाठीची विक्री अशीच थांबवली. खेळण्यातले यान खेळाची जागा घेऊ शकत नाही, तसा दावाही मी करत नाही. खेळाच्या फाइलमध्ये जे नाही ते त्यात आहे. त्या यानाचा आकार घडवणाऱ्यांच्या मनात काय होता, आणि तो आकार पुढच्या वीस वर्षांत कसा बदलत गेला, हे दोन वेगळ्या सालांची दोन ‘व्हिक व्हायपर’ शेजारी ठेवली की डोळ्यांना दिसते.

क्षुल्लक म्हणून टाकलेल्या वस्तूंचे पुढे काय होते, याचा धडा जपानने स्वतःच घेतलेला आहे. किमोनोला खिसा नसे, म्हणून कमरपट्ट्याला लटकवलेली डबी घसरू नये यासाठी नेत्सुके नावाचे बोटभर कोरीव अडकण वापरत. मेइजी काळात पाश्चात्त्य कपडे आले, अडकणांची गरज संपली आणि परदेशी ग्राहकांनी ती ढिगाने नेली. आज त्यांचे मोठे संग्रह लंडनमध्ये आहेत, आणि टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात राजपुत्र ताकामादो यांनी जमवलेल्या नेत्सुकेंसाठी स्वतंत्र दालन आहे. आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या नसत्या तर त्यातल्या बऱ्याचशा मोडीत गेल्या असत्या. अशा वस्तू आधी एखाद्या नादिष्टाच्या घरात वाचतात, संग्रहालय मागाहून येते.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: हा जुगार आहे. आत काय निघेल ते माहीत नसताना पैसे टाकायचे. सहा यानांचा संच असेल आणि दर वेळी प्रत्येकाची शक्यता सारखी धरली, तर संच पुरा व्हायला सरासरी पंधराच्या आसपास वेळा दांडा फिरवावा लागतो. ३०० येनच्या दराने १,८०० येनचा संच ४,४०० येनला पडतो, म्हणजे सुमारे अडीच हजार रुपयांना. लहान मुलांच्या बाबतीत हे खटकते आणि खटकायलाच हवे. तरी या यंत्राला तळ आहे. पेटीतला माल संपतो, नाणे हातातून जाताना दिसते आणि प्रत्येक वेळी एक खरी वस्तू हाती येते. याच पद्धतीवर बेतलेल्या मोबाइल गेममधल्या सोडतींना असा तळ नसतो. तिथल्या ‘कोम्पू गाचा’ या प्रकारात अनेक चिजा जमवल्यावरच बक्षीस मिळे. तो जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने २०१२ मध्ये बेकायदा ठरवला. नाण्यांच्या यंत्रांवर मात्र तशी बंदी आली नाही. शिवाय संग्राहकाला दैवावर हवाला ठेवण्याची सक्ती नाही. टोकियोच्या नाकानो ब्रॉडवेसारख्या ठिकाणी जुन्या खेळण्यांच्या दुकानांत पुरे संच उघड किमतीला मिळतात, आणि दुबार आलेली याने संग्राहक आपसांत बदलून घेतात.

प्लास्टिकचा प्रश्न राहतो, आणि त्याला माझ्याकडे पुरे समाधान देणारे उत्तर नाही. यंत्रांशेजारी रिकाम्या कॅप्सूल टाकायला डबे ठेवतात, कंपन्या त्या गोळा करतात, पण मुळात एवढ्या कॅप्सूल लागाव्यात का हा सवाल उरतोच. एवढे मात्र खरे की वीस वर्षे जपून ठेवलेले यान कचऱ्यात गेलेले नाही. कचरा होतो तो आठवडाभरात कंटाळा येणाऱ्या, काहीही न सांगणाऱ्या मालाचा. खेळण्यात जितकी माहिती आणि कारागिरी जास्त, तितके ते टाकले जाण्याची शक्यता कमी.

म्हणूनच माझी एक मागणी आहे. कॅप्सूलमध्ये खेळण्यासोबत घडी घातलेला एक छोटा कागद असतो. त्यावर संचातल्या यानांची चित्रे असतात, हक्कदार कंपनीचे नाव असते, सूचना असतात. ज्याने यानाची न दिसलेली बाजू घडवली त्या मूर्तिकाराचे नाव मात्र बहुतेक वेळा नसते. कितीतरी जुन्या नेत्सुकेंवर कोरणाऱ्याची सही सापडते, आणि म्हणून दोनशे वर्षांनीही कोणते काम कोणाचे ते सांगता येते. कागदाच्या त्या चिटोऱ्यावर मूर्तिकाराचे नाव, साल आणि आधाराला घेतलेले मूळ चित्र छापायला जागा भरपूर आहे. संग्राहकांनी हे आग्रहाने मागावे, आणि सुरुवात बान्दाई नामकोकडून व्हावी. २००५ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र आल्यापासून ‘गॅलागा’ आणि ‘झेव्हियस’ची याने आणि ती विकणारी यंत्रे एकाच छपराखाली आहेत, त्यामुळे दुसऱ्या कोणाची परवानगी घेण्याचीही तिला गरज नाही.