उंबरठ्यावरची हवा

अग्निबाण आकाशात झेपावला की देशभर आनंदीआनंद होतो. उपग्रह अकाली कोसळला तर त्याची कारणमीमांसा करण्यास फारसे कोणी बसत नाही. ३१ मे १९८१ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला ‘रोहिणी आरएस-डी१’ अपेक्षित उंची गाठू शकला नाही आणि अवघ्या ९ दिवसांत नष्ट झाला. २०० किलोमीटर उंचीवरही हवा असते व ती उपग्रहाचा वेग हरण करते, हा त्याचा धडा होता.

ज्या कक्षा तेव्हा अपयशाची खूण होत्या, त्यांच्याकडेच जग आज हेतुतः वळत आहे. तेथून छायाचित्रे अधिक स्पष्ट मिळतात आणि निकामी उपग्रह आपोआप जळून जातो. युरोपच्या ‘गोचे’ उपग्रहाने २००९ ते २०१३ या काळात सुमारे २५५ किलोमीटर व त्याखालील उंचीवरून पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण मोजले. जपानचा ‘त्सुबामे’ २०१९ मध्ये १६७.४ किलोमीटरपर्यंत उतरला.

मात्र तेथील हवा वाऱ्यासारखी वाहत नाही. तिचे विरळ कण सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या उपग्रहावर एकेकटे आदळतात. ते कॅरमच्या सोंगटीप्रमाणे उसळतात की पृष्ठभागावर क्षणभर विसावून निघतात, यावर विरोधाचे प्रमाण ठरते. शिवाय तेथील प्राणवायूचे सुटे अणू तो पृष्ठभागच झिजवितात. त्यात सूर्याची लहर निराळी! फेब्रुवारी २०२२ मधील चुंबकीय वादळाने वरची हवा फुगली आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी सुमारे ४० गमवावे लागले.

अशा वादळांची नोंद ठेवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आली. हैदराबादेत राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेची वेधशाळा १९६४ पासून हेच काम करीत आली आहे. ही संस्था तारनाक्याहून उप्पलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि तारनाक्यालाच लागून उस्मानिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. एकीकडे सहा दशकांच्या नोंदी, दुसरीकडे विद्यार्थी. डॉक्टरेटच्या संशोधनास याहून सोयीचा शेजार कोठे मिळावा?

परंतु नुसत्या शेजाराने संशोधन होत नाही. हा विषय भौतिकी, वायुगतिकी आणि भूभौतिकी या तिन्हींच्या सीमेवरचा आहे. विभागांच्या भिंती ओलांडल्याखेरीज तो हाती लागणार नाही. इस्रोची ‘रिस्पॉन्ड’ योजना विद्यापीठांतील संशोधनास साहाय्य करते. तिच्यातून या प्रश्नास स्वतंत्र स्थान मिळावे आणि कक्षेतून घसरत गेलेल्या आपल्या उपग्रहांच्या नोंदी विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी खुल्या व्हाव्यात. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, हे योग्यच झाले. पण ती वेळेवर हाती पडली नाही तर चार-पाच वर्षांची तपश्चर्या कोणी कशाच्या बळावर करावी?

अग्निबाण बांधणाऱ्यांचा गौरव झालाच पाहिजे. परंतु ज्या हवेतून त्यांचे उपग्रह जाणार, तिचा हिशेब मांडणाऱ्या विद्यार्थ्याची उपेक्षा झाली, तर १९८१ चा तो ९ दिवसांचा धडा आपल्याला पुन्हा, आणि फार मोठी किंमत मोजून, गिरवावा लागेल.