शांततेचं शास्त्र सुरतेला हवंच

‘शांतता अभ्यास’ हा विषय निघाला की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, देशादेशांतलं राजकारण बळावर चालतं, तिथे शांततेचा अभ्यास म्हणजे निव्वळ प्रवचन. दुसरा असा की, सुरतेसारख्या व्यापारी शहराला त्याच्याशी काय देणंघेणं? हे दोन्ही आक्षेप टिकत नाहीत, आणि ते खोडून काढणारा पुरावा सुरतेत हिरे घासायच्या चाकावर, म्हणजे घंटीवर, रोज घासला जातो.

सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ यादवी चालली. बंडखोरांनी पूर्वेकडच्या हिऱ्यांच्या खाणी बळकावल्या, हिरे विकून शस्त्रं घेतली आणि गावोगावच्या निरपराध लोकांचे हात तोडले. जुलै १९९९च्या लोमे करारानं बंडखोरांचा म्होरक्या फोडे सांकोह याला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा दिला, वर देशाच्या खनिज आयोगाचं अध्यक्षपदही दिलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मे २०००मध्ये करार कोसळला आणि शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले गेले. कैलाहुनमध्ये आपल्या गुरखा रायफल्सचे जवान दोन महिन्यांहून अधिक काळ वेढ्यात अडकले होते. जुलैत ‘ऑपरेशन खुकरी’ करून त्यांना सोडवावं लागलं.

तिथे बळ लागलं, हे मी नाकारत नाही. पण बळानं वेढा फुटला, युद्धाची रसद तुटली नाही. ती तोडण्याची वाट अभ्यासानं दाखवली. ‘ग्लोबल विटनेस’ आणि ‘पार्टनरशिप आफ्रिका कॅनडा’ या संस्थांनी हिरा खाणीतून बाजारात कसा पोहोचतो आणि त्याचा पैसा बंदुकीत कसा मुरतो, याची साखळी उघड केली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी ती तपासली. त्यातून कच्च्या हिऱ्यांना प्रमाणपत्र देणारी ‘किंबर्ली प्रक्रिये’ची योजना १ जानेवारी २००३ला लागू झाली. युद्ध कशावर पोसलं जातं ते शोधायचं आणि ती वाट बंद करायची, हे काम प्रवचनानं होत नाही.

आता सुरतेचं. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊंना पैलू भारतात पडतात, आणि त्यातले बहुतेक सुरतेत. कच्च्या हिऱ्याचं पाकीट सीलबंद येतं. सोबतच्या प्रमाणपत्रावर अनुक्रमांक, मूळ देश, कॅरेटमधलं वजन आणि किंमत असते. सुरतेच्या वराछा किंवा कतारगाम भागातल्या रत्नकलाकारानं, म्हणजे हिरे घासणाऱ्या कारागिरानं, तो हिरा घंटीवर धरला, पैलू पाडले, की प्रमाणपत्राचं काम संपतं. पुढे व्यापाऱ्याच्या बिलावरची हमी तेवढी उरते. म्हणजे हिऱ्याचा इतिहास ज्या ठिकाणी पुसला जातो, ते ठिकाण सुरत आहे. मग शहराला देणंघेणं नाही, असं कोण म्हणेल?

‘किंबर्ली आहे ना, मग प्रश्न मिटला,’ हा तिसरा युक्तिवाद. तोही फोल आहे. किंबर्लीच्या व्याख्येत, सरकार उलथवायला निघालेल्या बंडखोरांना पैसा पुरवणारा हिराच तेवढा दोषी. २००८मध्ये झिम्बाब्वेच्या मारांगे भागात सरकारी सैन्यानंच खाणमजुरांना मारलं. काही काळ निर्यात थांबली, पण २०११मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. त्याच वर्षी ‘ग्लोबल विटनेस’ किंबर्लीतून बाहेर पडली.

ही उणीव नेमकी कुठली, ते शांतता अभ्यास सांगतो. नॉर्वेच्या योहान गाल्टुंग यांनी १९५९मध्ये ऑस्लोत शांतता संशोधन संस्था उभी केली आणि १९६९च्या निबंधात शांततेचे दोन प्रकार मांडले. लढाई थांबली की मिळते ती नकारात्मक शांतता. माणसाला उपासमारीत, भीतीत आणि अन्यायात अडकवून ठेवणारी रचना बदलली तरच सकारात्मक शांतता येते. किंबर्ली पहिल्या पायरीवर थांबली. तिची व्याख्या रुंदावायला हवी.

यावर व्यापारी विचारतील, ‘व्याख्या रुंदावली तर आमच्या रोजगाराचं काय?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर घडून गेलेल्या गोष्टीत आहे. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर किंबर्लीत रशियन हिऱ्यांबाबत एकमत होईना, आणि तिथे एकमताशिवाय निर्णय होत नाही. मग जी-७ देशांनी आपापले नियम केले. मार्च २०२४पासून तिसऱ्या देशात पैलू पाडलेल्या रशियन हिऱ्यांनाही बंदीचा फास बसू लागला. मंदीनं आधीच वाकलेल्या सुरतेवर हा आणखी एक भार पडला. नियम दुसऱ्यांनी केले, झळ मात्र रत्नकलाकाराला लागली.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. सुरतेच्या महाविद्यालयांत आंतरराष्ट्रीय संबंधांबरोबर शांतता अभ्यास शिकवावा, आणि तो हिऱ्यापासूनच सुरू करावा. कच्च्या मालाची साखळी, निर्बंधांचे परिणाम, खाणमजुराचे आणि रत्नकलाकाराचे हक्क हे त्याचे पहिले धडे असावेत. सरकारी सैन्याच्या आणि खासगी पहारेकऱ्यांच्या हिंसेलाही व्याख्येत आणावं, असा आग्रह भारतानं किंबर्लीत धरावा. जगाचा हिरा घासणाऱ्या शहराला त्या हिऱ्याचे नियम ठरवताना बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण अभ्यासाशिवाय तो अधिकार कुणी मानणार नाही.