खाली कायदा, वर मोकळीक

वारणानगरच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारला जातो : ग्रामपंचायत सदस्याने भागीदाराच्या आडून गटारीचे काम घेतले, तर त्याचे पद जाते का? जाते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 नुसार पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो. निर्णय जिल्हाधिकारी देतात. राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या बायाबापड्यांनाही हा कायदा लागू आहे. आमची त्याला हरकत नाही.

आता हाच प्रश्न वरच्या मजल्यावर विचारू या. सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जाला राज्य सरकार थकहमी देते. कारखानदारीशी घरोबा असलेला मंत्री त्या निर्णयाच्या वेळी मंत्रिमंडळात बसला, तर त्याचे पद जाते का? नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 9अ आमदाराला अपात्र ठरवते, पण ते फक्त सरकारशी केलेल्या मालपुरवठ्याच्या किंवा बांधकामाच्या कंत्राटापुरते. थकहमी, कर्ज, जमीन त्यात येत नाही. मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे, पण तिला कायद्याचे बळ नाही. आम्ही कुणा एका कारखान्याबद्दल बोलत नाही. सहकाराने या भागात चूल पेटवली हेही आम्ही जाणतो. प्रश्न रचनेचा आहे.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. आम्ही याला श्रेणीबद्ध नीती म्हणतो : पायरी जितकी वरची, तितका नियम सैल. माणूस पाहून दंड ठरवणारी मनुस्मृती महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी जाळली गेली. तिची सवय मात्र कायद्याच्या फटींमध्ये शिल्लक आहे.

लोकायुक्ताचेच पाहा. 1971 च्या कायद्याने महाराष्ट्राने लोकायुक्त नेमला, पण मुख्यमंत्र्यांना बाहेर ठेवले आणि लोकायुक्ताच्या हाती केवळ शिफारस दिली. नवे विधेयक विधानसभेने डिसेंबर 2022 मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर 2023 मध्ये मंजूर केले. त्यात मुख्यमंत्री आले खरे, पण त्यांच्या चौकशीआधी विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्यांची संमती हवी. म्हणजे 288 पैकी 192 आमदार! ज्याच्याकडे बहुमत आहे त्याचीच चौकशी, आणि परवानगीही त्याच बहुमताकडे. दार केले आणि किल्ली घरमालकालाच दिली.

याची किंमत कोण मोजतो? मातंग समाजातील तरुणांना धंद्यासाठी कर्ज मिळावे म्हणून अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ आहे. तिथल्या निधीच्या अपहाराच्या आरोपावरून 2015 मध्ये महामंडळाचे माजी अध्यक्ष असलेल्या आमदाराला अटक झाली. दोष ठरवणे न्यायालयाचे काम. आमचा प्रश्न एवढाच, की सरकारला जाब विचारणे हे ज्याचे काम, तोच सरकारी तिजोरीवर का बसवावा?

काही तरुण मित्र म्हणतात, "कायदा आपल्याच माणसांवर चालतो, मग तो सैल करा." नाही, मित्रांनो! खालचा नियम सैल केला तर वस्तीचाच पैसा जाईल. तोच नियम वर न्यायचा आहे. मंत्री-आमदारांनी दरवर्षी हितसंबंध जाहीर करावेत आणि संबंधित निर्णयातून बाहेर राहावे, हे कायद्याने बंधनकारक हवे. महामंडळांवर विद्यमान आमदार नको. दोन-तृतीयांशाची अट जावी. खोट्या तक्रारी गाळायला प्राथमिक चौकशी पुरेशी आहे. आणि तक्रारदाराचे नाव गुप्त राहावे, कारण गावात नाव फुटले की पहिला बहिष्कार आपल्याच दारात येतो.

संवैधानिक नैतिकता उपजत नसते, ती रुजवावी लागते, हे बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बजावले होते. ती रुजवायची तर आपल्या आमदाराला पुढच्या सभेत एकच प्रश्न विचारा : सरपंचाला जो नियम, तो तुम्हाला का नाही?

जय भीम! जय संविधान!