घंटीवरचा हिरा आणि व्हाइट हाउस

२०२५च्या दिवाळीआधी मावसबहिणीकडे सुरतेला आठ दिवस राहून आले. तिचं सासर खानदेशातलं, पण संसार सगळा उधन्यात झाला. भरदुपारी भाचा घरात बसलेला पाहून मी विचारलं, "काय रे, आज सुट्टी?"

"मावशी, आता आठवड्याला चारच दिवस कारखाना. ट्रम्पसाहेबांची कृपा!"

त्यानं हसण्यावारी नेलं, पण बहिणीचा चेहरा उतरला. घराचा हप्ता आणि नातीची शाळा चार दिवसांच्या मजुरीत भागत नाही.

भाचा हिरे घासतो. हिरा घासायची फिरती तबकडी असते, तिला तिथं घंटी म्हणतात. (मला आपली देवळातलीच आठवली!) जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात असं सांगतात आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. जून २०२३ मध्ये मोदींनी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा, प्रयोगशाळेत वाढवलेला हिरवा हिरा भेट दिला, तो सुरतेचाच. हे सांगताना भाच्याची छाती फुगली होती.

भेटीगाठी ठीक, पण व्हाइट हाउसात माणूस बदलला की इथं पोटात गोळा येतो. २० जानेवारी २०२५ला ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले. त्यांच्यासमोर मोठा पेच रशिया-युक्रेन युद्धाचा. आधी बायडन यांच्या काळात जी-७ देशांनी मिळून जानेवारी २०२४पासून रशियाच्या हिऱ्यांवर बंदी घातली. मार्चपासून तर रशियन खाणीतला मोठा हिरा सुरतेत घासला तरी तिकडे चालेना. ट्रम्प यांनी वेगळीच वाट धरली. भारत रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्ट २०२५पासून आपल्या बऱ्याच मालावरचा जादा कर ५० टक्क्यांवर नेला. तेल विकत घेणारे कोण आणि घंटी थांबली कोणाची!

मला विचाराल तर पहिली तऱ्हा त्यातल्या त्यात बरी. चार देश एकत्र बसले की कुरकुर ऐकायला जागा तरी राहते. सगळे हिरे अँटवर्पमार्गे तपासून घ्यायच्या योजनेला बोट्सवानासारख्या खाणींच्या देशांनी हरकत घेतली, मग मुदती पुढं ढकलल्या गेल्या. एकट्यानं रात्रीत लावलेल्या कराला हरकत कोणापुढं घ्यायची?

सासूबाईंना फोनवर हे सगळं सांगितलं. त्या कन्नडातच म्हणाल्या, "वज्र अवरिगी, होट्टी चिंती नमगा." हिरे त्यांना, पोटाची काळजी आपल्याला. बहिणीला अर्थ सांगावा लागला नाही, सूरच पुरला.

तिनं २००८चं सांगितलं. तेव्हाही अमेरिकेत मंदी आली आणि निवडणूकही झाली. दिवाळीची सुट्टी संपवून मेहुणे गावाहून परतले, तर कारखान्याला कुलूप! जानेवारी २००९मध्ये ओबामांचा शपथविधी शेजारच्यांच्या टीव्हीवर पाहिला. मेहुणे तेव्हा भाजीची गाडी लावत होते. तो तराजू तिनं अजून माळ्यावर जपून ठेवलाय.

फेब्रुवारी २०२६मध्ये कर १८ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली, त्या रात्री तिचा फोन आला. भाच्याला सोमवारपासून सहा दिवस बोलावलं होतं.

"मग तराजू काढून टाक की आता," मी म्हटलं.

"राहू दे गं," ती म्हणाली, "माळ्यावर कुठं जागा अडवतोय तो?"